ठिपका लावलेली डिस्क

मंगळवार, ४ जून

सूनबाई,

आशीर्वाद नंतर देते, आधी कामाचं. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवलायस, म्हणून कागदावर लिहितेय. कागद काही बंद करता येत नाही. फाडता येतो. फाडायचाच असेल तर वाचून फाड.

तुझा लॅपटॉप मी दुरुस्तीला टाकतेय.

माहेरी जाताना तू तो खिडकीजवळच्या टेबलावर तसाच सोडून गेलीस. आमचे चिरंजीव म्हणाले, "आई, भंगारात दे. डिस्क गेलीय, आतलं काही मिळणार नाही." मी दिला नाही. माझ्या घरातून कुठलीही वस्तू उलटीपालटी करून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही, हे तुला नव्याने सांगायला नको.

जाताना तू दारात उभं राहून काय बोललीस ते शेजारच्यांनीही ऐकलं. "माझा प्रबंध यांनीच मारला. प्रबंध झाला की मला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात नोकरी लागणार होती, ती यांना नको होती." वा गं वा! मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणते, यंत्र आहे, बिघडायचंच. त्याचं खापर माझ्या मुलाच्या माथी फोडायचं काम नाही. तो दिवसभर दातांच्या दवाखान्यांतली एक्स-रेची यंत्रं दुरुस्त करत फिरतो, त्याला यंत्रातलं कळतं. त्याने तुझा लॅपटॉप ऑफिसातल्या माणसालाही दाखवून आणला. आणखी काय करायचं त्याने?

मग मी दुकानात का चाललेय? स्पष्टच सांगते, मला तुझा संशय आहे. पाच वर्षं तू दार लावून, कानांना हेडफोन लावून बसलीस. अडखळत बोलणाऱ्या मुलांचे आवाज ऐकतेय म्हणायचीस. मी एक तरी ऐकला? "आईबापांना शब्द दिलाय, कुणाला ऐकवायचे नाहीत, नेटवर चढवायचे नाहीत." बरं बाई. आणि नक्कल होती ती एकाच बाहेरच्या डिस्कवर, तीही नेमकी त्याच आठवड्यात हरवली! इथे कुठेतरी पाणी मुरतंय. प्रबंध पुरा झालाच नसेल, प्रबंध द्यायची तीस जूनची तारीख अंगावर आली असेल, आणि नाचता येईना अंगण वाकडं. मला असं वाटतं. वाटतं ते लिहिलं.

तेव्हा त्या डिस्कमधून काय निघतं ते मी स्वतःच्या डोळ्यांनी बघणार. तुझं काम निघालं तर तुझं तुला देईन. काहीच निघालं नाही तर तू माझ्या मुलाची माफी मागायचीस. कबूल?

तुझी सासू


शुक्रवार, ७ जून

सूनबाई,

दुकान सापडलं. चष्म्याच्या दुकानाच्या वर, जिना इतका अरुंद की उतरणाऱ्याने आधी ओरडून सांगावं लागतं. दुकान एक बाईच चालवते. आवाज खणखणीत, चष्मा डोक्यावर सरकवलेला, आणि तोच चष्मा सगळ्या टेबलभर शोधत असते. मी म्हटलं, हिला स्वतःचा चष्मा सापडत नाही, ही माझ्या सुनेचं पाच वर्षांचं काम काय शोधणार!

तिने लॅपटॉप चालू केला. आतून टक्, टक्, टक्. तिने लगेच बंद केला.

"काकू, घरी किती वेळा चालू करून बघितला?"

"एकदाही नाही," मी म्हटलं.

(रोज करत होते. कुणी सांगितलं होतं की करू नये?)

ती म्हणाली, आत एक चकती फिरते आणि तिच्यावर सुईसारखं काहीतरी फिरून वाचतं. ती सुई आजारी आहे. जितक्या वेळा चालू कराल तितके चकतीवर ओरखडे. म्हणून आधी अख्ख्या डिस्कची दुसऱ्या धडधाकट डिस्कवर नक्कल काढायची. जिथे सहज वाचता येतं ते आधी घ्यायचं, जिथे अडतं ते सोडून पुढे जायचं, आणि सगळं झालं की अडलेल्या जागी पुन्हा हळूच यायचं. त्याला दिवस लागतात. "घाई केलीत तर आहे तेही जाईल," म्हणाली.

मागचं झाकण काढताना तिची भुवई वर गेली. एक स्क्रू बाकीच्यांपेक्षा वेगळा होता. "आधी कुणी उघडलाय का?"

"ऑफिसच्या माणसाने," मी म्हटलं. तुझा नवरा म्हणालाच होता तसं.

डिस्क बाहेर आली. एवढीशी गं, खिशात मावेल अशी. मी पर्समधून नेलपॉलिश काढलं. तुझंच, बाथरूमच्या फळीवर राहिलेलं ते लालभडक.

"काकू, हे काय?"

"चांगला माल काढून घ्यायचा आणि मेलेला घालून द्यायचा, ही तुमच्या धंद्यातली जुनी कला. मी खूण करून ठेवणार. ठिपका नसलेली डिस्क मी परत घ्यायची नाही."

मला वाटलं चिडेल. ती खो खो हसली. "लावा की. दोन लावा. फक्त या बारक्या भोकावर नको, तिथून डिस्क श्वास घेते." मी भोक सोडून, कंपनीच्या नावाच्या शेजारी एक ठिपका लावला, फुंकून वाळवला, आणि मगच डिस्क तिच्या हातात दिली.

नक्कल सुरू आहे. मी रोज जाऊन स्टुलावर बसणार आहे. ती म्हणाली गरज नाही. गरज नाही म्हणते म्हणजे नक्कीच आहे.

आणि हो, तुझ्या नवऱ्याला हे ठाऊक नाही. तो दौऱ्यावर आहे. लपवतेय असं नाही, उगाच त्याच्या डोक्याला ताप नको.

तुझी सासू


बुधवार, १२ जून

सूनबाई,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, एक ओळ. "सापडलं तर त्यातलं काही ऐकू नका." ना नमस्कार, ना सही. सासू जिवंत आहे का मेली, तेही विचारलं नाहीस. आणि ऐकू नका कशाला? आत आहे तरी काय, असा विचार मी रविवार-सोमवार करत होते. नव्वद टक्के तुझं काही निघणारच नाही अशी माझी खात्री होती.

आज नक्कल पुरी झाली.

दुकानवाली म्हणाली, फाईलींची नावं गेलीत, नुसते आकडे आलेत, एकेक उघडून बघावी लागेल. तिने पहिली उघडली. काळ्या पडद्यावर पांढरं काहीतरी. मला आधी वाटलं ढग आहेत. मग नीट बघितलं.

दाढ होती गं. मुळासकट.

दुसरी उघडली, दाढ. तिसरीत समोरचे दात. एकात सोन्याची टोपी घातलेला दात, एकात अक्कलदाढ आडवी झोपलेली. फाईल मागून फाईल, दातच दात. अडखळणारं एकही मूल नाही, प्रबंधाची एकही ओळ नाही.

मी उठले आणि तिच्यावर तोंड सोडलं. म्हटलं, "मला ठाऊकच होतं! माझ्या सुनेची डिस्क कुणाला विकलीस, आणि हे कुठल्या दवाखान्याचं माझ्या गळ्यात घालतेस?" खालचा चष्मेवाला जिन्यात येऊन उभा राहिला, एवढा आवाज लागला माझा. तिने डोक्यावरून चष्मा डोळ्यांवर घेतला, मशीनमधून डिस्क काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"ठिपका बघा, काकू."

ठिपका होता. माझाच. फुंकताना एका बाजूने किंचित ओघळला होता, तसाच. ह्याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

मी स्टुलावर बसले. तिने पाणी दिलं. म्हणाली, "ही डिस्क या लॅपटॉपची नव्हतीच. यात तुमच्या सुनेचं कधी काही नव्हतं. दुसऱ्या कुठल्या मशीनमधली खराब डिस्क आणून कुणीतरी यात बसवलीय. तो स्क्रू म्हणून वेगळा आहे." लोकांचे एक्स-रे ठेवायचे नसतात म्हणून नक्कल तिने माझ्यासमोर पुसली.

जिना उतरताना मला पहिला संशय कुणाचा आला सांगू? तुझा. म्हटलं, हिनेच त्याच्या बॅगेतून कामाची एखादी मेलेली डिस्क उचलली आणि आत बसवली, त्याला अडकवायला. पण अडकवायचंच असतं तर तू स्वतः लॅपटॉप घेऊन दुकानात गेली असतीस. चार लोकांसमोर दाढा काढून दाखवल्या असत्यास. तू तर तो टेबलावर टाकून, डोळे पुसत गेलीस.

ऑफिसच्या माणसाने चुकून बदलली असेल. असं होतं कधीकधी. ऑफिसात अशा डिस्क पडलेल्या असणार, एकीच्या जागी दुसरी गेली असेल.

असं होतं ना गं?

शनिवारी तो दौऱ्यावरून येतोय. त्याला विचारते. त्याच्याकडे सरळ उत्तर असणार.

तुझी सासू


रविवार, १६ जून

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद,

आनंदाची बातमी आहे. तुझं सगळं काम सुखरूप मिळालं. दाढांचा घोळ त्या दुकानवालीचाच निघाला, कुणा दुसऱ्या गिऱ्हाइकाची डिस्क तिने चुकून मशीनला लावली होती. तुझ्या नवऱ्याने स्वतः लक्ष घातलं, ओळखीच्या एका तज्ज्ञाकडे नेऊन, स्वतः बसून, खपून, एकूण एक फाईल परत मिळवली. तुझी हरवलेली बाहेरची डिस्कही कपाटामागे सापडली.

गुरुवारी तो लॅपटॉप घेऊन तुझ्याकडे येतोय. तीस तारखेला अजून अवकाश आहे. झालं गेलं विसरून जावं. नवरा-बायकोत असं व्हायचंच. त्याच्याशी नीट बोल, आणि जमलं तर त्याच्याबरोबरच घरी ये.

सौभाग्यवती हो.

तुझी सासू


मंगळवार, १८ जून

सूनबाई,

रविवारचं पत्र खोटं आहे. तू ते वाचलंस तेव्हाच तुला कळलं असेल, कारण मी तुला "चि." लिहिलं, आणि मी असं गोड बोलायला लागले की काहीतरी काळंबेरं असतं हे तू घरात आल्यापासून ओळखून आहेस.

आता शनिवारी खरं काय झालं ते ऐक.

तो आला, हातपाय धुतले, जेवायला बसला. मी वाढता वाढता म्हटलं, "सूनबाईचा लॅपटॉप झाला बरं का दुरुस्त. सगळं सापडलं. मुलांचे आवाज, प्रबंध, सगळं."

त्याचा घास हातात राहिला. मग हसला. "आई, कुणीतरी गंडवलंय तुला. त्या डिस्कवर ते सापडणं शक्यच नाही."

"का रे शक्य नाही?"

"अगं, नाही सापडत."

"खराब डिस्कवरून सापडतं कधीकधी. दुकानवाली सांगत होती. 'त्या डिस्कवर' म्हणजे कुठल्या डिस्कवर?"

त्याने ताट पुढे सारलं. मी म्हटलं, "दाढा निघाल्या रे. ढीगभर दाढा."

तो उठला. खोलीतून कामाची बॅग घेऊन आला, तळाशी हात घातला आणि एक मोजा काढला. मोज्यात तुझी डिस्क. तुझी बाहेरची डिस्कही त्याच मोज्यात. कुठल्यातरी दवाखान्यातली मेलेली डिस्क त्याने भंगारात जाण्याआधी आणली होती आणि तुझ्या लॅपटॉपमध्ये घातली होती. ऑफिसच्या माणसाने लॅपटॉप कधी बघितलाच नाही.

"मी काही पुसलं नाही, आई," म्हणाला. "शप्पथ. एक फाईलसुद्धा नाही. मला फक्त तारीख जाऊ द्यायची होती. तारीख गेली की ती नोकरी गेली असती, मग मीच सापडली म्हणून आणून देणार होतो. नाहीतर ती निघून गेली असती गं."

"मग आता काय घरात आहे का?" मी म्हटलं. "गेलीच की."

तो रडायला लागला. माझा मुलगा आहे, मला त्याचं रडणं बघवत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, कुणाला दाखवू? रडता रडताच त्याने सगळं जुळवलं. तो गुरुवारी लॅपटॉप घेऊन तुझ्याकडे येणार, रात्रंदिवस खपून दुरुस्त केला म्हणणार, तू विरघळणार, परत येणार. "तू फक्त गप्प बस, आई. एवढंच कर."

आणि मी तयार झाले. घर पुन्हा भरेल, शेजारीपाजारी विचारायचे थांबतील, तुलाही तुझं काम मिळेल, कुणाचं काय बिघडतंय, असं मनाला समजावलं. गप्प बसणं पुरेना म्हणून वर ते पत्रही लिहून टाकलं. त्यात सगळा घोळ बिचाऱ्या दुकानवालीच्या माथी मारला. कसली बाई आहे मी!

लॅपटॉप दुकानातच होता. म्हणून काल मोजा घेऊन मीच गेले. डिस्क काढून दिली. दुकानवालीने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. "कुठे सापडली?" मी म्हटलं, "घरात." तिने आणखी काही विचारलं नाही, आणि तिने विचारलं नाही याचाच मला राग आला.

तिने डिस्क बसवली. लॅपटॉप चालू झाला. टकटक नाही, काही नाही. तुझ्या फाईली नावासकट ओळीने उभ्या. प्रबंध पुरा आहे, शेवटचं प्रकरणसुद्धा. म्हणजे मी तुझ्याबद्दल मनात आणलं ते सगळं चूक होतं, आणि तू दारात उभी राहून बोललीस ते अक्षर न् अक्षर खरं होतं.

आवाजाच्या फाईली नीट आहेत का ते तपासायला एक तरी उघडावी लागेल, असं ती म्हणाली. मी म्हटलं, सुनेने मना केलंय. ती म्हणाली, बिघडलेली निघाली तर तिला आयत्या वेळी कळेल. मग एक उघडली. मला ओरड हवं तर.

एक लहान मुलगी होती. "सा... सा... सा..." करत होती. कितीतरी वेळ. माझ्या जिभेवर तो शब्द येऊन बसला होता, अगं सायकल म्हण की! आणि मग तुझा आवाज आला. "घाई नाही गं. मी बसलेय इथे." आणि पुढे नुसती शांतता. तू काही सुचवलं नाहीस, काही पुरं करून दिलं नाहीस. शेवटी ती म्हणाली, "सायकल." आणि तू म्हणालीस, "कुठल्या रंगाची?"

मी दुकानात स्टुलावर बसून रडले. या घरात तू कधी वाक्य पुरं केलंस असं मला आठवेना. तुझं निम्मं व्हायच्या आतच उरलेलं आम्ही दोघं बोलून टाकत होतो.

आता काम सांगते, नीट वाच.

या पत्राबरोबर पाकिटात तुझी बाहेरची डिस्क आहे. दुकानवालीने तपासलीय, सगळं त्यात आहे. हे पत्र आत घालून पाकीट मी स्वतः चिकटवतेय, आणि ती ते आजच कुरिअर करतेय. तरी माझ्या शब्दावर जाऊ नकोस, मी त्याची आई आहे आणि रविवारीच तुला खोटं लिहिलंय. स्वतः लावून बघ, एकेक फाईल मोजून घे, आणि उद्या पाकीट मिळताच तुझ्या गाईडबाईंकडे प्रबंध पोचव. तो यायची वाट बघू नकोस.

गुरुवारी तो लॅपटॉप घेऊन येईल. मी त्याला अडवलं नाही, आणि तुला सगळं लिहिलंय हेही सांगितलं नाही. येऊ दे त्याला. दारात उभं राहून तो काय बोलतो ते ऐक. खरं बोलला, तर पुढचं तुझं तू ठरव. मी मध्ये पडणार नाही, परत ये असंही म्हणणार नाही. आणि "मी रात्रंदिवस खपून दुरुस्त केला" असं सुरू झाला, तर हातातला लॅपटॉप घे आणि दार लाव. माझी काळजी करू नकोस. तो घरी येईल, त्याला जेवायला मी वाढेन.

फक्त एवढं कर. तो काय बोलला ते मला दोन ओळींत लिहून कळव. खरं बोलला तरी कळव, खोटं बोलला तरी कळव. तो घरी येऊन सांगेलच, पण मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही.

तुझी सासू